न सांगितलेला पाऊस

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. कोंडीबाला मात्र ते मूळ मोजायचंच काम होतं. साताऱ्याच्या पश्चिमेला, धरणाच्याही वर, त्याची डोंगरातली वाडी. वाडीच्या टेकाडावर तारेच्या कुंपणात पाटबंधारे खात्यानं पावसाचं यंत्र बसवलेलं. यंत्र म्हणजे काय, वर नरसाळं आणि खाली बाटली. रोज सकाळी कोंडीबा डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन टेकाड चढायचा, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचा, डोळ्यासमोर धरून आकडा वाचायचा आणि खात्याला फोन करून कळवायचा. वाडीतले लोक हसायचे. पडलेला पाऊस मोजून काय मिळतं, तो काय परत वर जाणार आहे? कोंडीबाही त्यांच्यात हसायचा. पण माप हातात धरलं की त्याचं तोंड देव्हाऱ्यापुढं बसल्यासारखं व्हायचं.

त्याची एकुलती लेक क्रांती. तिला दिली होती खाली, सांगलीच्या अलीकडं, कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात. डोंगरातल्या माणसानं ऊसपट्ट्यात लेक द्यायची म्हणजे मान जरा वाकवूनच चालायचं. त्यात लेकीचा बाप. आपल्याकडं लेकीच्या बापानं व्याह्याच्या घरी शहाणपण शिकवायचं नसतं. चहा गोड झाला तरी गोड, अगोड झाला तरी गोडच म्हणायचा. जावई ऋषिराज लष्करात, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा. घरात व्याही ज्ञानू, विहीण मनुबाई आणि क्रांती. नदीच्या अगदी कडेला, मळीच्या म्हणजे पुराच्या गाळाच्या रानात, ज्ञानूचा गोठा. माणूस तोंडाचा फटकळ, पण म्हशींवर जीव असा की सणाला स्वतःच्या आधी त्यांना अंघोळ.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकोणीसचा महापूर आला. त्याच्या आधी कोंडीबानं न राहवून लेकीला फोन केला होता. "बाय, हितं पाऊस माणसात न्हाई. जनावरं वर काढा म्हणावं पाव्हण्यांना." ज्ञानूनं कुरकुरत का होईना, म्हशी वरच्या माळावर नेल्या. नंतर मळी पाण्याखाली गेली आणि त्याचा गोठा तेवढा रिकामा होता म्हणून जनावरं वाचली. तेव्हापासून पावसाळ्यात सगळी आळी क्रांतीच्या दारात यायची. "आज वरनं काय आकडा?" डोंगरात पडलेलं पाणी खाली यायला दीड-दोन दिवस लागतात, हे आळीला पाठ झालं होतं. ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून दर पावसाळ्यात सावध राहा म्हणत फिरायची, तिच्याकडं कुत्रंही मान वर करून बघत नसे. आळीची वेधशाळा एकच, कोंडीबा.

मग एका वर्षी वेधशाळा चुकली. तसं चुकलं म्हणायलाही जागा नाही. पाऊस सांगितला तेवढाच पडला होता, पण धरणात जागा होती, पाणी तिथंच अडलं. खाली नदी पात्र सोडून हललीसुद्धा नाही. कोंडीबाच्या फोनवर ज्ञानूनं भर पावसात जनावरं माळावर काढली आणि त्या चिखलाच्या चढावर त्याची गाभण म्हैस घसरली. मागचा पाय मोडला. डॉक्टर आला, पण काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर नातवाचं बारसं होतं. कोंडीबा डोंगरातलं तूप, नाचणीचं पीठ आणि बाळाला चांदीचे वाळे घेऊन गेला. मांडवात पाय ठेवतोय तोच ज्ञानू मोठ्यानं म्हणाला, "या, या. वेधशाळा आली." माणसं हसली. ज्ञानूला चेव चढला. "पाव्हणं, तुमच्या डोंगरात ढगानं शिंक दिली तरी आमी जनावरं घिऊन रानोमाळ पळायचं व्हय? तुमचा आकडा तुमच्या बाटलीत ऱ्हाऊ द्या."

मांडव खदखदून हसला. कोंडीबाही हसला. लेकीच्या बापाला दुसरं करता काय येतं? पण तो अपमान त्याला लागला, चांगला खोल लागला. हे उगाच झाकण्यात अर्थ नाही. निघताना क्रांती ओसरीच्या कोपऱ्यात आली. तिचे डोळे भरलेले होते.

"आबा, आता आकडा सांगू नका. नुसती खुशाली इचारत जावा. तुमास्नी असं हसलेलं मला बघवत न्हाई."

"बरं," कोंडीबा म्हणाला.

तो शब्दाला पक्का. पुढचा पावसाळा गेला, नुसती खुशाली. लेकरू काय करतं, दात आला का, ऋषिराजचा फोन येतो का. आळीतल्या बायकांनी सुरुवातीला विचारून बघितलं, मग सोडून दिलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात डोंगर फुटल्यासारखा पाऊस आला. कोंडीबाची उमर त्या टेकाडावर गेली होती, पण यंत्रातली बाटली भरून बाहेर वाहिलेली त्याला फारशी आठवत नव्हती. आता त्याला सकाळपासून परत परत चढून ती रिकामी करावी लागत होती. समोरच्या डोंगराची दरड उघडी पडून लाल दिसत होती. त्यानं खात्याला आकडा कळवला. पलीकडचा माणूस म्हणाला, "परत सांगा." कोंडीबानं परत सांगितला.

मग त्यानं क्रांतीला फोन लावला. ती लेकराला अंघोळ घालत होती. फोन ज्ञानूनं उचलला.

"काय पाव्हणं, काय म्हंतोय तुमचा पाऊस?"

आकडा कोंडीबाच्या जिभेवर होता. नुसता ओठ उघडायचा अवकाश. पण त्याच्या कानात तो मांडव हसला. मनात आलं, आपण खात्याला सांगितलंय, खातं खाली सांगेल, रिक्षा फिरेल, सगळ्यांना कळणारच आहे. आपणच कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं? आणि परत नाही आलं पाणी, तर बोलणी लेकीला.

"हाय की. चाललंय आपलं," तो म्हणाला.

ज्ञानूनं फोन ठेवला नाही. "आणि काय इशेष?"

"इशेष काय न्हाई."

"बरं बरं," ज्ञानू म्हणाला. आवाज जरा हलका झाला होता. कोंडीबाला ते जाणवलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

त्यानं फोन ठेवला. जेवायला बसला, तो ताट तसंच सारून उठला. मसणात जाऊ दे मान, असं स्वतःशीच म्हणत त्यानं परत फोन लावला. लागला नाही. दुपारपासून वाडीत रेंजच नव्हती. तो तसाच भिजत खालच्या रस्त्याला निघाला, पुढच्या गावातून तरी लागेल म्हणून. वळणावर दरड कोसळून रस्ता गाडला गेला होता. चिखलाच्या त्या ढिगावर चढायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला. मागून आलेल्या माणसांनी त्याला दंडाला धरून परत आणलं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा खालचा पूर ओसरायला लागला होता. बातमी रस्त्याबरोबरच वर आली. मनुबाई, क्रांती आणि लेकरू यांना वरच्या शाळेत हलवलं होतं, ते सुखरूप होते. ज्ञानू म्हशी सोडायला मळीत गेला तो परत आला नव्हता. नंतर तो खालच्या अंगाला उसाच्या फडात सापडला. अर्ध्या म्हशी दाव्यालाच होत्या. आळीतल्या इतरांचीही जनावरं तशीच गेली होती.

तेराव्याला कोंडीबा गेला. घराच्या भिंतींवर चिखलाची रेघ होती आणि वासानं डोकं उठत होतं. कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. उलट जो तो म्हणत होता, एवढं पाणी कुणाला सांगता आलं असतं? कोंडीबा मान हलवत होता. ऋषिराज डोकं भादरून बसला होता; त्यानं उठून सासऱ्याला पाटावर बसवलं.

जेवणं झाल्यावर मनुबाई त्याच्यापुढं येऊन बसल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"पाव्हणं, एक सांगती. तुमी मनात धरू नका ते बारशाचं. चारचौघांत त्यांनी तुमास्नी टाकून बोललं, म्हशीचं दुख हुतं त्यात. पर घरात त्यांचा तुमच्यावरच इस्वास. रिक्षा वरडून गेली, पोलीस सांगून गेलं. सगळी आळी इचारत हुती, काढायची का जनावरं? तर म्हणालं, थांबा. कोंडीबा पाव्हण्याशी माझं सोता बोलणं झालंय. इशेष काय न्हाई म्हणालाय. तसं असतं तर तो माणूस गप बसला नसता."

क्रांती चुलीपाशी होती. तिनं बापाकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मनुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तवा वर एवढा पाऊस नसंलच, व्हय ना पाव्हणं? मागनं आला आसंल."

'व्हय' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. विहिणीला तेवढाच आधार हवा होता. पण पावसाचा आकडा कोंडीबानं जन्मात कधी खोटा सांगितला नव्हता.

"हुता, वैनी," तो म्हणाला. "लय हुता. मला ठाव हुतं."

मनुबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. काहीतरी बोलतील, शिव्या देतील, म्हणून कोंडीबा हात जोडून बसून राहिला. त्या भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि कोंडीबा त्या घरात असेपर्यंत पुन्हा बाहेर आल्या नाहीत.