बेचाळीस दाते

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आता ती राहिली नाही. तुम्हाला का सांगतोय? थकलो, एवढंच.

बदनापूरला चाळीस वर्षं मी मोटारसायकली दुरुस्त केल्या. नुसत्या आवाजावरून दोष ओळखतो, असं लोक म्हणायचे. मी म्हणू द्यायचो.

प्रभाकर माझा शाळेपासूनचा मित्र, गणिताचा मास्तर. निवृत्तीनंतर अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले. त्याचं शेत ओढ्यापलीकडे, काळ्या मातीचं. पावसाळ्यात तिथे बैल रुततात. त्याला एकदाच उभं पीक स्वतः जाऊन बघायचं होतं. कोणी उचलून नेलेलं नको होतं. म्हणून आम्ही बग्गी बांधायला घेतली — लोखंडी सांगाडा, चार रुंद टायर, सगळं हातानं चालणारं. सांगाडा एकनाथ वेल्डरचा, इंजिन माझ्याकडे.

एकनाथ म्हणाला, "दादा, रिक्षाचं इंजिन टाकू. रिव्हर्स तरी ऱ्हाईल."

"मंग तू मागं लटकून अंबड-अंबड वरड, शिटा भर," मी म्हणालो. प्रभाकर खो-खो हसला. दीडशे सीसीचं मोटारसायकलचं इंजिन ठरलं. रिक्षाचं मला येत नव्हतं — हे काही मी बोललो नाही.

राहिलं मागचं चक्र, साखळी ज्यावर फिरते ते. त्याला दाते जास्त, तर वेग कमी आणि ओढ जास्त. मोटारसायकलचं मूळ चक्र बेचाळीस दात्यांचं. प्रभाकरने सांगाडा काट्यावर तोलून आणायला लावला, वहीत पानभर गणित मांडलं आणि आकडा काढला — छप्पन.

छप्पनचं चक्र नवीन जालन्यात लेथवर करून घ्यायचं होतं. दोनदा गेलो, दोनदा लेथ बंद. तिसऱ्यांदा कंटाळा केला. दुसरं काय? आणि मनात हेही होतं, की मास्तरने मला दाते शिकवावेत का? बेचाळीसचंच बसवलं. वर पत्र्याचं झाकण ठोकलं.

पोळ्याच्या आधी गाडी निघाली. डांबरीवर झकास पळाली. ओढा ओलांडून शेताकडच्या चिखलवाटेला लागली, पन्नासेक पावलं गेली — आणि इंजिन ओरडायला लागलं. क्लच प्लेटा जळाल्याचा वास मला बांधावर आला. गाडी पुढे जाईना, मागे तर येणारच नव्हती. शेवटी एकनाथने प्रभाकरला पाठीवर घेतलं आणि गुडघाभर चिखलातून बाहेर आणलं. जे त्याला नको होतं, नेमकं तेच.

बांधावर आठ-दहा माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती. आणि मी —

मी म्हणालो, "यानं गाडी केली का लोखंडी बाज? एवढं वजन कोणतं इंजिन ओढंल?"

लोक हसले. एकनाथला अजून धाप लागली होती. "चुकलं सर माझं," तो म्हणाला. प्रभाकरने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "वजन धरूनच काढलं होतं मी. छप्पनच होते ना रे?"

"छप्पनच."

तेव्हा बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. पुढे कधीही त्याच्याकडे गेलो, की तो वही घेऊन बसलेला. तेच गणित. "उत्तर तर बराबर येऊन राह्यलं. चुकतंय कुठं?" मी समोर बसून चहा प्यायचो. ज्याने आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, तो साध्या बेरजा बोटांवर पडताळून बघायला लागला. एके दिवशी वही मिटली आणि म्हणाला, "डोकं गेलं रे माझं."

मी काय म्हणालो असेन? "वय झालं आता," म्हणालो.

शेत न बघताच तो गेला. एकनाथला गाव अजून 'बाज' म्हणतं, आणि तो ओ देतो. गाडी त्यानेच कापली. त्याआधी मी चक्र काढून आणलं होतं. ते माझ्या खाटेखाली आहे. गंजलंय, पण दाते मोजता येतात.

बेचाळीस. एकनाथचा सांगाडा जड नव्हता. प्रभाकरचं गणित बरोबर होतं.