विरळ विणलेली बाज

माझी मुलगी अकोल्याला सरकारी कचेरीत आहे. तिनं पोटाची चरबी काढून घ्यायचं ऑपरेशन केलं आणि मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं. जावई नागपूरला नोकरीला, शनिवारी येतो. घरात दुसरं कोणी नाही. ती म्हणाली, थोडे दिवस ये. किती तरी वर्षांत तिनं मला ये म्हटलं नव्हतं.

तिला मूल झालं नाही. त्याचं दुःख करून झालं, तिचंही आणि माझंही. पण मूल नाही म्हणून तिचं बाळंतपण माझ्या घरी झालं नाही, हे मात्र माझ्या मनात राहून गेलं. अमरावतीच्या आमच्या गल्लीत कोणाची मुलगी बाळंतपणाला आली की मालिशीला मला बोलावतात. बाळंतिणीची बाज मुद्दाम विरळ विणतात, म्हणजे खाली शेगडी ठेवली की ऊब अंगापर्यंत येते. सव्वा महिना मुलगी आईजवळ. दुसऱ्यांच्या घरचे असे सव्वा महिने मी पुष्कळ पाहिले.

तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पोटाला इजा झाली, अशक्तपणा आला, मग बाळंतिणीत आणि हिच्यात फरक काय? मी विणणाऱ्याला बोलावलं आणि भिंतीला उभी टेकवलेली बाज विरळ विणून घेतली. अकोल्याला चार दिवस राहायचं आणि तिला घेऊन यायचं, असं मी ठरवून टाकलं. पिशवीत शेगडी, ओव्याचं तेल आणि डिंकाचे लाडू भरून एसटीत बसले.

ती पलंगावर निजली होती. छातीखालून मांड्यांपर्यंत घट्ट पट्टा, त्याला बाजूनं हूक. तो सोडल्यावर पोट दिसलं. निळं, काळं, कडेनं पिवळं. बारीक छिद्रांवर चिकटपट्ट्या होत्या.

"काहाले काढलं व?" मी विचारलं.

"कपडे बसत नव्हते, माय."

"कपडे नवे शिवता येतात."

तिला हसू आलं आणि तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. "हसवू नोको, दुखते."

"ते पोट माह्या मायचं होतं," मी म्हटलं. "तिचं मले आलं, माह्यं तुले. पुसलं तं असतं."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. मीही मग लाडवाचा डबा उघडायला गेले.

एक दिवसाआड फिजिओथेरपीवाली बाई यायची. पस्तिशीची असेल. फोटोच्या काचेवरची धूळ पुसावी तशी ती पोटावरून बोटं फिरवायची, वर काखेकडे आणि खाली जांघेकडे. साचलेलं पाणी असं सरकवलं की सूज उतरते, असं तिनं सांगितलं. मग लांब श्वास घ्यायला लावायची, पावलं वरखाली करायला लावायची, आणि उठवून चालवायची. पडून राहिलं तर पायात रक्त गोठतं म्हणे. ती गेल्यावर मी म्हटलं, एवढ्या हलक्या हातानं तर मी मांजरालाही कुरवाळत नाही.

मुलीच्या भागात कोळसा मिळेना. मी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात जाऊन घेऊन आले. दुपारी गॅलरीत शेगडी पेटवली आणि सुती फडक्यानं शेक द्यायला बसले. लागते का, विचारलं. नाई म्हणाली. आणखी गरम केलं. तरी नाई. मला वाटलं, थंडी आतपर्यंत शिरली आहे. मी शेकत राहिले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती झोपली. तिची झोप मोडेल म्हणून मी पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या, येऊ दिल्या.

दुसऱ्या दिवशी फिजिओवालीनं पट्टा सोडला तर पोटावर लाल चट्टा आणि त्यावर फोड. हे कोणी केलं, तिनं विचारलं. मीच शेक मागितला होता, असं मुलगी म्हणाली. ते खोटं होतं. बाईनं डॉक्टरांना फोन करून मलम विचारून घेतलं. मग मला समजावलं. या ऑपरेशननंतर कातडी बरेच महिने बधिर राहते. भाजलं तरी कळत नाही.

"आजी, शेक नाही, तेल नाही. आणि मालीशही नको, तुमचा हात जड आहे."

"मंग म्या काय करू?"

"पट्टा घालायला दुसरं माणूस लागतं. आणि रोज त्यांना चालवा."

तेच केलं. ती उताणी निजायची, मी पट्ट्याच्या दोन्ही कडा जवळ ओढून धरायची, ती हूक लावायची. ती लहान असताना फ्रॉकची बटणं लावताना पळायची. आता पळता येत नव्हतं. संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून ती बाहेरच्या पॅसेजमध्ये चालायची. एकदा तिनं माझ्या आईबद्दल विचारलं, आजी कशी चालायची? मी पोट पुढं काढून चालून दाखवलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, हसू आवरेपर्यंत.

त्याच दिवशी मी विषय काढला. "चाल माह्या संगं. बाज विणून ठेवली हाये."

"तिथं हे बाई कुठून आणू, माय? अन् ऑफिस हाये."

तिचं बरोबर होतं. मी पुन्हा म्हटलं नाही.

सूज उतरत गेली. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती आरशासमोर उभी राहून शेवटचा हूक लावत होती. "जमलं, पाह्य," ती म्हणाली. मी म्हटलं, जमलं. चहा ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. शेगडी आणली तशी परत नेली.

घरी बाज तशीच होती. मी तिच्यावर निजून पाहिलं. खाली शेगडी नसली की विरळ बाजेत अंग नुसतं खचतं.

परवा तिचा फोन आला. पोटाला कळते का, मी विचारलं. थोडं थोडं, म्हणाली, चिमटा घेतला तर समजतो. मग तिनं विचारलं, "ते बाज हाये का अजून?"

"हाये."

"तिले विरळ नोको ठेवू, माय. पट्टा रुतते."

कधी येणार ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विणणाऱ्याकडे गेले तर तो अंजनगावला कामाला गेलेला. मग मीच अंगणात बाज आडवी केली, पायथ्याची दोरी सोडली आणि एकेक फेरा ओढून घट्ट करायला बसले. त्या कामाला जड हातच लागतो.