हौसाआत्यानं माईक सोडला नाही

हौसाआत्याला वेडी म्हणणारे लोक आज तिच्या अंत्ययात्रेत सगळ्यात पुढं चालत होते.

रडू आलंच नाही मला. नुसता संताप.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. रहिमतपूरजवळचं आमचं गाव. बासष्टच्या लढाईत तिचा नवरा नेफात, ईशान्येच्या सीमेवर, मारला गेला. पदरात तान्हा वसंत. अंत्यदर्शनसुद्धा नाही.

नवऱ्याच्या पलटणीतला मेढ्याचा एक जवान वाचला होता. तो घरी येऊन सांगून गेला.
"वैनी, बर्फात कापडी बूट हुतं. गोळ्या संपल्या. मागनं कायबी आलं न्हाई. तरी ते जाग्यावरनं हललं न्हाईत."

सगळे म्हणाले, वीरमरण आलं.

आत्या म्हणाली, "शूर हुतंच. पर गोळ्या का न्हाई धाडल्या?"

अण्णाही फौजेत; एकाहत्तरला ते पूर्वेच्या बॉर्डरवर होते. लढाईच्या आधी थोड्या रजेवर आले, तर हिनं त्यांना धड चहा पिऊ दिला नाही.
"दादा, बूट कसलं हायत? गोळ्या पुरतील न्हवं?"
"लय हायत गं हौसे. तयारी पुरी झाल्याबिगर हलायचंच न्हाई, असा हुकूम हाय. पावसाळाभर तेच चाललंय."

अण्णा जिंकून आले. धडधाकट. गावात हलगी वाजली.

आत्या गोठ्यात जाऊन रडत होती. मी मागं गेले तर म्हणाली, "ह्यास्नी बी असंच धाडलं असतं तर गं?"

मग नऊ-दहा वर्षांनी साताऱ्यात वीरपत्नींचा सत्कार झाला. मी कॉलेजात होते, तिच्या सोबत गेले.

पाहुणे छान बोलत होते. आपला देश शांतताप्रिय. एवढा मोठा मित्रदेश पाठीशी. आता तोफा-बंदुकांची चिंता कशाला?

आत्याचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली. साडी-नारळ बाजूला ठेवला आणि सरळ माईक धरला.

"साहेब, मित्र असावा. पर दारात चोर आल्यावर शेजारी जागा हुईस्तवर आपल्याच हातात काठी लागती. माझा मालक रिकामी बंदूक घेऊन मेला. माझा एकुलता एक पोरगा परवा भरती झालाय. त्येच्या हातात काय देनार, ते सांगा. साडी मागनं द्या."



संयोजक धावत आले. "बाई, सोडा माईक. हा कार्यक्रम आहे."

"तुमचा कार्यक्रम हाय. माझा नवरा हुता."

मागच्या रांगेतले पेन्शनर फौजी उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं.



त्यानंतर तिला एकाही कार्यक्रमाचं बोलावणं नाही. "बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय." एकानं तर पेपरात 'युद्धखोर' लिहिलं.

युद्धखोर!!

अरे, लढाईनं जिचं घर मोडलं, तिला लढाईची हौस असेल? "आपून तयार दिसलो तर कोन कशाला अंगावर यील?" एवढंच म्हणणं होतं तिचं. हे कळायला कुठली डिग्री लागते?

वसंताची सगळी सर्व्हिस बॉर्डरवर गेली. सुभेदार होऊन, हातीपायी नीट घरी आला. सुट्टीवर आला की आधी त्याचे बूट तपासायची ती. बायको हसायची. वसंता नाही हसायचा.

आज स्मशानात एका पुढाऱ्यानं घसा साफ केला. "शांततेची मूर्ती असलेल्या हौसाबाई…"

वसंतानं हात वर केला. आवाजसुद्धा चढवला नाही.

"साहेब, भाषण नगं. साताऱ्यात तिनं तुमच्यातल्या एकाचं ऐकलं हुतं, तेवढं बास झालं. जरा मागं सरा. आईला अग्नी द्यायचाय."

सरले मागं. सगळे.

आत्या, जा आता. तिकडं तुझा माणूस भेटला तर सांग, पोरगा धड परत आला.