उल्का फुटण्याआधी आलेली हाक

तुमची आई म्हणाली की तिला कुणीतरी हाक मारली, आणि ती हाक दुसऱ्या कुणालाच ऐकू आली नाही, तर तुम्ही आधी काय कराल? कुणी मारली ते विचाराल, की डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्याल?

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. आमच्या घरी बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापून यायची. त्यांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. बाबा ती गल्लोगल्ली वाटायचे. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात कधी मीच लिहीन, असं वाटलं नव्हतं. पण घडलं ते घडलं... आणि ते दडपून ठेवणं मला जास्त अप्रामाणिक वाटतं.

बाबा गेल्यावर आई मेलबर्नला, पॉइंट कुकला दादाकडे राहायला आली. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेटनला राहते. आईला कानाचं मशीन लावल्याशिवाय काहीच ऐकू येत नाही. दोनदा गॅस चालू राहिला, तेव्हा दादाने तिला मेमरी टेस्टला नेलं. तिथल्या बाईने नाव विचारलं, तर आई म्हणाली, "मंदा."

आईचं नाव सुलभा. पासपोर्टवर सुलभा, आम्हा दोघांना माहीत तेही सुलभाच.

"स्वतःचं नाव विसरली गं ती," दादा फोनवर रडवेला झाला होता. पुण्यात एक चांगलं केअर सेंटर त्याने बघून ठेवलं होतं. "मराठी बोलणाऱ्या नर्स आहेत तिथे. इथे मी दिवसभर ऑफिसात, ती एकटी."

"तिला विचारलंस?"

"रेवा, प्लीज. पत्रक नको वाचूस माझ्यासमोर."

पाठवण्याआधी तिला वाळवंटातला उलुरूचा प्रचंड लाल खडक दाखवायचं ठरलं, म्हणून ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तिघं गाडीने निघालो. पोर्ट ऑगस्टा मागे टाकलं की स्टुअर्ट हायवेवर माणूस संपतो. लाल माती, खुरटी झुडपं, आणि मधूनच एखादं रोडहाउस — पेट्रोल, चिप्स, टॉयलेट. अशाच एका रोडहाउसमध्ये दुपारी आम्ही थांबलो. समोर भिंतभर काच होती. आईने काचेलगतचं टेबल धरलं. गाडीत मशीन शिट्टी मारतं, म्हणून तिने ते काढून पर्समध्ये ठेवलं होतं. म्हणजे त्या वेळी आई ठार बहिरी होती, हे लक्षात ठेवा.

चिप्स आल्या. आईने एक उचलली आणि एकदम दाराकडे वळून म्हणाली, "ओ! आले, आले!"

आणि उठून चालायलाच लागली.

"झालं सुरू," दादा पुटपुटला. आम्ही दोघं तिच्यामागे धावलो. ती इमारतीला वळसा घालून मागच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचली होती. दादाने तिचा दंड धरला, तिच्यासमोर उभं राहून ओठ सावकाश हलवत म्हणाला, "आई, इथे कुणी नाहीये."

"अरे, हाक मारली ना. मंदा म्हणून. स्पष्ट."

"मंदा कोण?"

"मंदा कोण म्हणजे? मी!" आई वैतागली. "लग्नाआधीचं नाव माझं. तुझ्या बाबांनी बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीने सुलभा लिहिलं आणि मी सुलभा झाले. मला कुणी विचारलं नव्हतं."

माझ्या बाबांनी! पत्रकं वाटणाऱ्या बाबांनी! आईच्या माहेरचं कुणी आमच्या आठवणीत नव्हतंच, त्या नावाने तिला हाक मारणार कोण?

तेवढ्यात जमिनीवर आमची दुसरी सावली पडली. भर उन्हात, उन्हाच्या सावलीपेक्षा काळी. ती सरसर सरकली आणि विझली. वर पाहिलं तर आकाशभर धुराचा जाड पांढरा पट्टा... आवाज काहीच नाही. सायबेरियात तुंगुस्काच्या जंगलावर असाच दगड हवेत फुटला होता आणि झाडं मैलोन्‌मैल आडवी झाली होती, हे मी वाचलेलं होतं. प्रकाश आधी, धक्का नंतर, हेही वाचलेलं होतं. ऐन वेळी यातलं काही आठवलं नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

मग तो आवाज आला. पोटात ठोसा बसल्यासारखा. टाकीचा पत्रा थरथरला आणि पुढच्या बाजूने काच कोसळल्याचा खळखळाट झाला.

दादा खाली बसला. मी कान दाबून धरले होते. आई आमच्याकडे बघून विचारत होती, "काय झालं? तुम्ही असे का करताय?"

हादरा तिला जाणवला होता, पण स्फोट ऐकूच आला नव्हता.

आमच्या टेबलावर, खुर्च्यांवर, चिप्सवर काचांचा खच पडला होता. धूर बघायला काचेशी गेलेल्या एका ट्रकवाल्याचं कपाळ फाटलं होतं. कपाळाला टॉवेल दाबून तोच आईला विचारत होता, "यू राइट, लव्ह?" म्हणजे, तुम्ही ठीक आहात ना?

गाडीत बसल्यावर दादाने आईला मशीन लावायला सांगितलं.

"आई, तुला पुण्याला जायचंय?"

"आज विचारतोयस?"

"हो. आज विचारतोय."

"नाही जायचं. आणि गॅसचं म्हणशील तर इंडक्शन आण. हुशार म्हणवता ना स्वतःला?"

आई इथेच आहे. टेस्ट पुन्हा करायची आहे, ती तयार आहे. "पण हाक आली नव्हती असं मी म्हणणार नाही," असं तिने डॉक्टरांना आधीच बजावलंय.

मी पुष्कळ वाचलं. मोठी उल्का दिसताना काहींना फसफस, चरचर असा आवाज ऐकू येतो म्हणतात. पण तो प्रकाशाच्या वेळी येतो, आधी नाही. आणि तो कुणाचं नाव घेत नाही. योगायोग म्हणा, मी भांडणार नाही. कृपा म्हणालात तर मात्र भांडेन. मग त्या ट्रकवाल्याला का नाही कुणी हाक मारली?

एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला कुठे ठेवायचं, याची चर्चा बंद दाराआड चालू असेल तर आज ते दार उघडा. त्यांना आत बोलवा, मशीन असेल तर कानात घालू द्या, समोर बसा. आणि त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत कुणीही मध्ये बोलू नका.