नानांचं बीपी काही उतरेना

तासगावात माझं मेडिकल आहे. एकदा नेलेली गोळी मी परत घेत नाही, पण ती परत आणणारा माणूस जे सांगतो ते ऐकून घ्यावंच लागतं. ऐकून ऐकून इतकं साठलंय की कुठनं सुरू करावं तेच कळत नाही.

सुभेदार नानांपासनं करतो. मिलिटरीतनं रिटायर, गेल्या वर्षी अटॅक येऊन गेलेला. दोनदा डोस वाढवला तरी बीपी उतरेना. डॉक्टरांनी मलाच फोन केला, "गोळ्या नीट आहेत ना तुमच्या? असंच चाललं तर दुसरा अटॅक यायचा." खोका बघितला, तारीख बघितली, कंपनीला फोन लावला. सगळं ठीक होतं.

मग दुकानात जो येईल त्याला विचारत सुटलो, गोळी घेता कशी?

ऊसवाले बापू म्हणाले, "बंद केली की. मागल्या म्हयन्यात बीपी नॉर्मल आलं. पाऊस झाल्यावर उसाला कोण पाणी पाजतंय व्हय?" त्यांना तसंच उचलून डॉक्टरांकडं धाडलं.

बेदाण्याचे व्यापारी अण्णा जैन. सूर्य मावळला की तोंडात काही घालत नाहीत. चिठ्ठीवर कोलेस्टेरॉलची गोळी, 'रात्री जेवल्यावर'. "आवं, रात्री मी जेवतच न्हाई, मग घ्यायची कवा?" तीन महिन्यांच्या पट्ट्या कपाटात शिस्तीत लावून ठेवलेल्या. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेतली, तर अण्णा वर मलाच म्हणाले, "हे आधी सांगायचं न्हवतं का?"

नानांना विचारलं तर ते ताठ उभे राहिले. "एक दिस ड्यूटी चुकली न्हाई. सकाळी आठ म्हंजे आठ."

म्हणजे गोळी खरी, वेळ बरोबर, माणूस शिस्तीचा आणि बीपी चढतंय. त्यात त्यांच्या बायकोला, हौसाकाकींना, चक्कर यायला लागलेली. माझं डोकंच चालेना.

शेवटी एका सकाळी आठला त्यांच्या घरी जाऊन बसलो. काकींनी बशीत गोळी आणली, अडकित्त्यानं कातरली, अर्धी नानांच्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली.

मी उठूनच उभा राहिलो. "काकी, आवं ही नानांची गोळी हाय."

"व्हय की."

"सवय हाय रं आमची," नाना म्हणाले. "घरात काय बी आलं की अर्धं अर्धं."

"पण काकी, अटॅक नानांना आलावता. तुमाला कुठं काय झालंय?"

काकींनी पाण्याचा तांब्या नानांपुढं सरकवला.

"ह्यास्नी आला तवा माज्याबी छातीत लय दुकत हुतं," त्या म्हणाल्या. "मला कुणी इचारलंच न्हाई."