दुपट्ट्यानं धरलेली खुर्ची

ओलं सुती कापड उन्हात वाळताना त्याला एक वास येतो. त्यात थोडं पाणी असतं, थोडं ऊन असतं, आणि कापड तरणतलावाच्या काठावरचं असलं तर त्या औषधी पाण्याचा उग्र दर्पही असतो. माझ्या पिवळ्या दुपट्ट्याला चिखलदऱ्याहून परतल्यापासून तो वास आहे. दोनदा धुतला, अमरावतीच्या उन्हात दिवसभर वाळवला, तरी घडी उलगडली की तो येतोच. तो आला की मला लाजही वाटते आणि डोळेही भरून येतात. आता या वयात, साठी उलटल्यावर, कपाटापुढं उभं राहून रडायचं म्हणजे काय! पण सांगते, ऐका.

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना जागा धरण्याची विद्या कुणी शिकवावी लागत नाही. वलगावच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं आणि रोज अमरावतीहून एस.टी.नं गेले-आले. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांमधून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडलेल्या असत. मी एकदा सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठाच आत भिरकावला होता, आणि तो सुटून अर्धा वर्ग प्रवाशांच्या पायाखाली गेला होता. पण काय त्या फडक्याचा अधिकार! कोपरं मारत चढलेला दांडगा गडीसुद्धा सीटवर रुमाल दिसला की थबकतो, कुणाचा म्हणून विचारतो, आणि शेजारचा कुणीतरी, ज्याचा त्या रुमालाशी काडीचा संबंध नसतो, तो सांगतो, “माणूस हाये इथं.” संपलं. पुढं वाद नाही. जो अजून दिसलेला नाही, कदाचित बाहेर रसवंतीवर उभा आहे, त्याच्या असण्यावर परक्यांनी ठेवलेला हा विश्वास केवढा निर्मळ आहे! कुठल्या शास्त्रात हे लिहिलं आहे? कुठल्याच नाही. आणि तरी मी आयुष्यभर याच शास्त्राच्या भरवशावर बसून प्रवास केला.

त्याच भरवशावर मी चिखलदऱ्यालाही गेले. हे, म्हणजे माझे यजमान, कृषी खात्यात होते. भातकुलीकडची काळी जमीन त्यांनी तीस वर्षं पायांनी मोजली. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. शब्द येत, पण ओले, लडबडलेले येत, आणि ते ऐकून समोरचा माणूस ‘काय म्हणाले?’ असं माझ्याकडं पाहून विचारी. हळूहळू त्यांनी परक्यांशी बोलणंच सोडलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना पाण्यात चालवा, पाणी माणसाचं ओझं निम्मं उचलतं. पुण्याच्या लेकीनं लगेच चिखलदऱ्याच्या एका रिसॉर्टमध्ये तीन दिवसांची खोली घेऊन दिली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं आमच्या यांचं झालं, आणि महिनाही खरोखर फाल्गुनच होता. घाटात पळस पेटला होता, सागाची पानं गळून गेलेली होती, आणि हे गाडीत तोंड फिरवून बसले होते.

पहिल्या दिवशी आम्ही नऊला तलावावर गेलो. पाणी इतकं निळं, इतकं निवांत की पाहूनच अंग हलकं व्हावं! पण काठावरच्या एकूण एक खुर्चीवर टॉवेल, ओढण्या, दुपट्टे अंथरलेले, आणि माणसं मात्र नाश्त्याला. पायऱ्यांच्या कठड्याला लागून एकच हातांची खुर्ची होती. डाव्या हातानं रेटा देऊन यांना तिथूनच एकट्यानं उठता आलं असतं. पण तिच्यावरही कुणाचा तरी टॉवेल होता. मी यांना शेजारच्या उताण्या, बुटक्या बाकड्यावर टेकवलं, आणि हे रुतलेच. उठता येईना. शेवटी दोन अनोळखी पुरुषांनी काखेत हात घालून उचललं. मी त्यांची तोंडंसुद्धा पाहिली नाहीत. मला फक्त यांचा उतरलेला चेहरा दिसत होता. खोलीत आल्यावर यांनी मोठ्या कष्टानं सांगितलं, की आता आपण तिकडं जायचं नाही. मी गयावया केली. उद्या ती हातांची खुर्ची आपलीच, वचन देते, म्हटलं. भिंतीकडं पाहतच त्यांनी मान डोलावली; पण एकच बोट वर केलं. म्हणजे एकदाच.

दुसऱ्या दिवशी मी सहालाच जाऊन हातांच्या खुर्चीवर पिवळा दुपट्टा पसरला, चारी टोकं नीट खोचली आणि विजयी मुद्रेनं परतले. आता यांचं आवरायला किती वेळ लागतो ते ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यालाच ठाऊक. दात, आंघोळ, पायाचा पट्टा, शर्टाची एकेक गुंडी; आणि गुंडी मी लावलेली चालत नाही, ती त्यांचीच त्यांना लावायची असते. आठ वाजले. आम्ही एकेक पाऊल टाकत तलावाशी आलो, आणि पाहते तर काय! माझा दुपट्टा घडी होऊन कठड्यावर, आणि खुर्चीत एक धिप्पाड, टक्कल पडलेला गृहस्थ हातावर हात ठेवून बसलेला. यांनी खुर्चीकडं पाहिलं, आणि मागं वळायला काठी उचलली.

मग माझी जीभ सुटली. ती मुळातच तिखट. वलगावची पोरं त्यासाठी मला काय म्हणत ते इथं सांगत नाही. लाज आहे का, वयाला शोभतं का, दुसऱ्याचं कापड उचलायला हात धजतात कसे, घरी असंच शिकवलं का, सगळं मी ऐकवलं, आणि अर्धं वऱ्हाडीत ऐकवलं, कारण राग आम्हाला पुस्तकी भाषेत येत नाही. भोवतालच्या बाया पाण्यात थांबून बघत होत्या.  मी दमल्यावर तो माणूस सावकाश उठला. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता, कारण काठावरच्या मोठ्या छत्रीची सावली केव्हाच सरकली होती आणि ऊन थेट त्याच्या डोक्यावर होतं.

“ताई,” तो म्हणाला, “इथला माणूस साऱ्या खुर्च्यांवरचे कपडे उचलून राहिला होता. अर्ध्या तासाचा नियम हाये म्हने त्याहीचा. मी म्हटलं, फडकं उचलता येते, माणूस नाही उचलता येत. सकाळी तुम्हाले दुपट्टा टाकताना पाह्यलं होतं, म्हणून बसून राहिलो. भाऊले काल मीच उठवलं होतं ना.”

मी मागं पाहिलं. नियमाची पाटी होती. चांगली हातभर अक्षरांची, शुद्ध मराठीत. आयुष्यभर पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ शोधणाऱ्या मला ती पाटी दोन दिवसांत दिसली नव्हती. कारण मी वाचणार कशाला? माझा दुपट्टा होता ना! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि माझ्या दुपट्ट्यानं सहा वाजल्यापासून दुसऱ्या कुणाचा असाच अधू नवरा ताटकळत उभा ठेवला असता, तर? मी तो विचारही केला नव्हता. आदल्या दिवशी टॉवेलवाल्यांना मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मला एकेक करून परत आल्या.

ते वानखडे भाऊ. अकोल्याचे, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. आम्ही टाकलेल्या रुमालांचे निवाडे करण्यात ज्यांचा जन्म गेला, असा माणूस! दीड तास ते बसले होते. त्यांचा नाश्ता राहिला, पोहणं राहिलं. मी हात जोडले तर म्हणाले, की गाडीच्या फाटकात उभं राहून तीस वर्षं यापेक्षा मोठी बोलणी खाल्ली आहेत, तुम्ही काही मनावर घेऊ नका. एवढं बोलून त्यांनी खुर्ची पायरीकडं थोडी तिरपी करून ठेवली. हे तिच्यात टेकले. मग यांनी डाव्या हातानं रेटा दिला, उठले, कठडा धरला आणि पाण्यात उतरले. छातीएवढ्या पाण्यात, कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. तो उजवा पाय पाण्यात कसा हलका, कसा स्वतःच्या मनानं उठल्यासारखा उचलला जात होता! मी काठावर पदर तोंडाशी धरून उभी होते. पाच महिन्यांत मी रडले नव्हते, ते तेव्हा रडले.

तिसरा दिवस निघायचा. एकच बोट कुठल्या कुठं गेलं; पहाटे यांनीच मला उठवलं. मी दुपट्टा टाकायला पुढं जायला निघाले, तर यांनी काठीनं दार अडवलं. दोघंही बरोबर गेलो. हे हातांच्या खुर्चीत बसले, आणि शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची मला ओढायला लावून तिच्यावर आपला डावा हात ठेवून राहिले. ऊन चढलं, माणसं वाढली. एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन आली आणि खुर्ची घेऊ का म्हणून माझ्याकडं पाहून विचारू लागली. मी उत्तराला तोंड उघडणार, त्याआधी हे बोलले. शब्द जड होते, ओले होते. पण त्या बाईला ते माझ्यामार्फत घ्यावे लागले नाहीत.

“माणूस... हाये... इथं.”

मग लेकराकडं लक्ष गेलं असावं. खुर्चीवरचा हात काढून, काठी टेकून, ते स्वतः उठू लागले. आपली खुर्ची तिला द्यायला. बाईनं घाईघाईनं नको नको म्हटलं, मी बसले होते ते बुटकं बाकडं तिला दिलं तेव्हा कुठं हे परत टेकले. वानखडे भाऊ आले, यांनी धरलेल्या खुर्चीत बसले, आणि दोघे तलावाकडं पाहत राहिले. मधूनच बोलत होते. कापूस, अकोल्याचं ऊन, एवढंच काहीतरी. निम्मं हे बोलले, आणि भाऊंनी काय म्हणाले म्हणून एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

मी काठावर पाय सोडून बसले होते. दुपट्टा खांद्यावर होता आणि त्याचं एक टोक पाण्यात भिजत होतं. त्या दिवशी तो मला कुठंच टाकावा लागला नाही.