खोखो मावशी आणि धाकटीचा विनोद

खोखो मावशी हसल्या की अख्खं सभागृह हसायचं. म्हणूनच टीव्हीच्या स्टुडिओत त्यांना प्रेक्षकांमध्ये मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसवत. एरवी बाई लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. पण विनोदी मालिकेचं चित्रीकरण असलं की ठेवणीतले कपडे घालून हजर.

आणि हे हसणं काय असंच आलं होतं? लहानपणी त्या खो खो हसल्या की वडील डोळे वटारायचे. "मुलीच्या जातीला शोभतं का हे दात काढणं?" निम्मं आयुष्य बाईंनी तोंडावर हात धरून हसण्यात काढलं. तो हात सुटला तो थेट या स्टुडिओत.

मालिकेतलं घर नेहमीचंच. बाबा वेंधळे, आई करारी, दादा वात्रट. दादानं काच फोडायची, वर उलट उत्तर द्यायचं आणि लोकांनी टाळ्या पिटायच्या. धाकटीनं पाण्याचा ग्लास आणायचा आणि "आई, बघ ना गं दादा!" म्हणायचं. झालं, संपलं काम! ते करणारी पोर मात्र भारी चुणचुणीत. सारखी मावशींना विचारायची, "मला कधी हो मिळणार विनोद?"

एकदाचा मिळाला. गळक्या नळाशी झटापट करून बाबा घामाघूम होतात. धाकटी पाना घेऊन नळ घट्ट करते आणि म्हणते, "बाबा, तुम्हीच केलात असं सांगू का आईला?"

दिग्दर्शकाला काही ते पटेना. "पोरीच्या तोंडी नाही खुलत. एकदा म्हणू दे तिला. लोक हसले तर ठेवू, नाहीतर दादाला देऊन टाकू." वर मावशींच्या कानाशी लागला, "तिच्या वेळी जरा हात राखून हसा बरं का."

हात राखून! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज छप्परच उडवते, त्यांनी ठरवून टाकलं.

दिवे लागले. पोरीनं पाना फिरवला, हात फ्रॉकला पुसले, बाबांकडे बघितलं आणि वाक्य असं काही फेकलं म्हणता! मावशींनी हसायला तोंड उघडलं आणि गळाच दाटून आला. इतक्या वर्षांचं काय काय वर आलं, देव जाणे. डोळ्यांना धार लागली, आवाज फुटेना. सभागृह चिडीचूप. पोरीचा चेहरा उतरला. ऐनवेळी मीच घात केला गं तुझा, मावशींच्या काळजात चर्र झालं.

तेवढ्यात मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचा. मग सगळे असे सुटले की थांबता थांबेनात.

दिग्दर्शक तणतणत आला. "मावशी, हात राखून म्हटलं होतं ना? आता ठेवावा लागणार तो विनोद तिच्याकडेच!"

"अहो साहेब," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "मी हसलेच नाही."

साहेबांचा आ वासला तो वासलेलाच. ते बघून मात्र मावशींना राहवेना. तोंडावर हात न धरता त्या खो खो हसत सुटल्या.

सेटवरून पोर ओरडली, "मावशी, आत्ता काय हसताय? माझा विनोद कधीच संपला!"